फेस बसण्यापूर्वी

उन्हाळ्यात डहाणू रोड स्थानकाबाहेर मिळणाऱ्या थंड पदार्थांत फ्लोटची जात वेगळी आहे. सरबत बाटलीत भरून नेता येते, कुल्फी काडीला धरून चार पावले चालता येते. फ्लोट मात्र जिथे केला तिथेच, त्याच घटकेस संपवावा लागतो. आम्हा वसतिगृहातील विद्यार्थ्यांना त्याचा लळा लागला तो गोडीमुळे. त्याने आम्हांला विचारात पाडले ते मात्र या अटीमुळे.

कृती अगदी साधी. पेल्यातील सोड्यात आइस्क्रीमचा एक गोळा सोडायचा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८७४ साली रॉबर्ट ग्रीन यांनी हा मेळ घातला, असे सामान्यतः मानले जाते. त्याआधी दोनच वर्षे, १८७२ मध्ये, इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले होते. आतील वायूच्या दाबानेच गोटी गळ्याशी घट्ट बसते. ती आत ढकलली की फटकन आवाज होतो. हा आवाज आपण सर्वांनी जत्रेत ऐकलेला आहे.

सोड्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडण्यासाठी खडबडीत आधार लागतो. आइस्क्रीममधील बर्फाचे कण आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे तो आधार देतात, आणि दुधातील प्रथिने फेसाला काही काळ धरून ठेवतात. म्हणून सोडा आधी, दोन तृतीयांश पेल्यापर्यंत, ओतावा आणि गोळा अलगद वर सोडावा. उलट केल्यास अर्धा फ्लोट मेजावर सांडतो.

जोड्यांविषयी आमची मते ठाम आहेत. कोला आणि व्हॅनिला ही सर्वमान्य जोडी. इराणी हॉटेलांमुळे मुंबईकरांच्या जिभेवर रुळलेला रास्पबेरी सोडा व्हॅनिलाशी मिळाला की लाल रंगाचा हळूहळू गुलाबी होतो. लहान मुले पिण्याआधी तेच पाहत बसतात. लिंबाच्या आंबटपणाने दूध फुटते, तळाशी कण साचतात. म्हणून लिंबू सोड्यात कैरीची आइसकांडी बरी. परंतु आमचा पहिला क्रमांक चिकूच्या आइस्क्रीमला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हांला त्याची थोरवी पटवण्यासाठी मानांकनाची गरज नव्हती. चिकू मुळातच अतिगोड, म्हणून त्यासोबत साखरेचा सोडा नको. साधा सोडा आणि चिमूटभर मीठ पुरे.

परीक्षेसाठी वा दवाखान्यात डहाणू रोडला गेलेल्यालाच हा लाभ होई. परतताना तो इतरांसाठी चणे-शेंगदाणे आणी, लिमलेटच्या गोळ्या आणी. फ्लोट मात्र आणता येत नसे. रात्री दिवे मालवल्यावर तो त्याचे वर्णन करी आणि बाकीचे ऐकत. एकाने प्यावे आणि इतरांनी ऐकावे, हे आम्हांला खुपू लागले. दहावीच्या वर्षी आम्ही पैसे साठवले आणि फ्लोटच वसतिगृहात आणायचे ठरवले. पटावर साठ मुले. प्रत्येकी दीडशे मिलिलिटर सोडा म्हणजे नऊ लिटर. प्रत्येकी पन्नास मिलिलिटरचा गोळा म्हणजे तीन लिटर आइस्क्रीम. आइस्क्रीमचा डबा बर्फ आणि खडेमीठ यांत पुरून एस. टी. ने आणला, मिठामुळे बर्फाचा गोठणबिंदू उतरतो, हा विज्ञानातील धडा त्या दिवशी कामी आला.

संध्याकाळच्या वंदनेनंतर स्टीलचे साठ पेले ओळीने भरले गेले. दोन उरले. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यांतील अनेक कुटुंबे कामासाठी वीटभट्ट्यांवर जातात; दोन मुले आईवडिलांसोबत गेली होती, नावे मात्र पटावर होती. त्या पेल्यांना कुणी हात लावीना. फेस बसला, गोळे विरघळले, सोड्याचा चरचराट थांबला. अखेर सरांनी ते सर्वांत लहान दोघांना पाजले. जूनमध्ये त्या दोघांपैकी एक परत आला. दुसरा आला नाही. पुढे पटावर त्याच्या नावावर रेघ आली.

त्यानंतर वसतिगृहात फ्लोट अनेकदा झाले. त्या प्रत्येक वेळी, आणि सुट्टीनंतर शाळा उघडतानाही, आम्ही आधी विचारत असू: कोण आलेले नाही, आणि त्याला आणायला कोण जाणार? काही वेळा सर स्वतः गेले, काही वेळा आम्हांपैकी कुणी त्यांच्यासोबत भट्टीपर्यंत गेले. सगळी मुले परत आली असे नाही, काही आली.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी एकत्र जमतील, तेव्हा सोडा आणि चिकूचे आइस्क्रीम आणण्याचे काम आमच्याकडे असू द्यावे. मीठ आणि बर्फ भरपूर आणू. फक्त एक विनंती: हजेरी पूर्ण झाल्याशिवाय कुणीही बाटली उघडू नये.