संगणकातला संगणक : बिघडला तरी चालेल असा



बऱ्याच प्राथमिक शाळांत धड चालणारा संगणक एकच असतो. निकालपत्रकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची माहिती, सगळं त्याच्यावरच. त्यामुळे मुलांना एकच वाक्य ऐकू येतं, "हात लावू नका, बिघडेल!" भीती खरी आहे. पण हातच लावायचा नाही, तर मूल शिकणार कसं?

म्हणून आमच्या शाळेच्या संगणकात मी व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं. विंडोजच्या एका खिडकीत दुसरा, आभासी संगणक सुरू होतो. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या ड्राइव्हवरची एक मोठी फाईल. मुलांनी आतलं काहीही पुसलं, तरी बाहेरच्या निकालपत्रकाला धक्का लागत नाही. फक्त शाळेचा फोल्डर आत शेअर करू नका. आत मी लुबुंटू आणि मुलांसाठीचं जीकॉम्प्रिस टाकलं.

अडचणी येतातच. नेहमीच्या चार सांगते.

१) मशीन सुरूच होत नाही, किंवा यादीत फक्त ३२-बिट दिसतं : टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू बघा. तिथे व्हर्च्युअलायझेशन 'डिसेबल्ड' असेल तर बायोसमध्ये जाऊन ते चालू करा. इंटेलच्या संगणकात त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या संगणकात एसव्हीएम.

२) 'नो बूटेबल मीडियम फाउंड' : काही बिघडलेलं नाही. नवी डिस्क कोऱ्या वहीसारखी असते. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन आयएसओ फाईल जोडा. इन्स्टॉल झाल्यावरही पुन्हा इन्स्टॉलच सुरू होत असेल, तर तीच फाईल काढून टाका.

३) सगळं कूर्मगतीने चालतं : संगणकाची रॅम ४ जीबी असेल तर आभासी मशीनला २ जीबीपेक्षा जास्त देऊ नका. बाहेरच्या विंडोजलाही श्वास घ्यायला हवा ना!

४) डिस्क भरली : डायनॅमिक डिस्क २५ जीबीची दिसली तरी सुरुवातीला जागा कमी घेते आणि वापराप्रमाणे वाढत जाते. आतल्या फायली पुसल्या म्हणून ती आपोआप लहान होत नाही. म्हणून ती मोकळ्या ड्राइव्हवर ठेवा. डिस्कचा आकार वाढवला तरी आत जुनीच जागा दिसते, कारण पार्टिशन तेवढंच राहतं. शेजारचं शेत घेतलं, पण मधला बांध तसाच! तो जीपार्टेडने सरकवावा लागतो.

सगळं नीट चालू झालं की एक स्नॅपशॉट घ्या. चौथीतल्या एका मुलीकडून खालची पूर्ण पट्टीच गायब झाली, तेव्हा ती रडवेली झाली होती. मशीन बंद करून रिस्टोअर केलं, पट्टी परत आली. पुढच्या क्षणी प्रश्न, "बाई, आता मुद्दाम घालवून बघू?" हा प्रश्न मला निकालपत्रकाइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. खरी डिस्क गेली तर दोन्ही जातात. शाळेच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

आणखी एक. पडद्यावर इंग्रजी सूचना आली की आमच्या वर्गात आधी ती वहीत उतरवतात, अर्थ शोधतात, मगच माऊसला हात लावतात. घरीही ही सवय लावून बघा.