कॅम नवा, स्प्रिंग जुनी

"चाचा, कॅम आला!" पुतण्यानं खोकं माझ्यापुढं उघडलं आणि मला आधी स्प्रिंगा आठवल्या.

गाडी भाईजानची. लोखंडी इंजिनाची 350 बुलेट. खरं माप 346 सीसी, बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. भाईजान जाऊन तीन वर्षं झाली. आता पोराला तिच्यात हाय-लिफ्ट कॅम घालायचाय. व्हॉल्व्ह जास्त उघडणार, हवा-पेट्रोल जास्त आत जाणार, वरच्या आरपीएमला ताकद वाढणार, एवढं त्यानं मोबाईलवर बघून पाठ केलेलं. कॅमला पैसे घातले, बाकी जुनंच चालेल, हा त्याचा हिशेब. पंचवीस वर्षांपूर्वी माझाही हाच होता.

जुम्म्याच्या नमाजनंतर उस्तादांकडे गेलो. दौंडला एकेकाळी वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. त्यामुळं की काय, इथले जुने मेस्त्री मापाशिवाय बोलत नाहीत. उस्तादांनी कॅमकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाले, "स्प्रिंग काढ. वर्नियर दे."

समजा, व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंगची उंची 38 मिलिमीटर आहे. व्हॉल्व्ह साडेनऊ उचलला की राहिले साडेअठ्ठावीस. वेढ्याला वेढा भिडल्यावर तीच स्प्रिंग 28 ची होत असेल, तर हातात उरला अर्धा मिलिमीटर. उस्तादांना निदान दीड लागतो. तेवढा नसला तर कधीतरी स्प्रिंगचा ठोकळा होतो आणि पुशरॉड वाकतो. ही लिफ्टसुद्धा कॅमवर मोजायची नाही, व्हॉल्व्हवर मोजायची, कारण मध्ये रॉकर आहे. शिवाय स्प्रिंगवरची टोपी खाली येताना गाईडच्या तोंडावर आपटता कामा नये. तिथंही तेवढीच जागा हवी.

"मग सगळ्यात कडक स्प्रिंग घेऊ," पोरगा म्हणाला.

उस्ताद हसले. कडक स्प्रिंग टॅपेटला कॅमवर दाबते, दोघंही झिजतात, आणि कमावलेल्या ताकदीतली थोडी तिलाच दाबण्यात जाते. गाडी जितक्या आरपीएमपर्यंत खेचायची, तिथवर टॅपेट कॅमला सोडणार नाही एवढीच स्प्रिंग घ्यायची. टोपी हलकी मिळाली तर आणखी बरं. आणि हा कॅम घासून बनवलेला निघाला तर त्याचा तळ लहान झालेला असणार, मग पुशरॉड तोकडे पडतील. (बुलेटवाल्यांना सांगायला नको: थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलायला नको.)

पिस्टनचं माप घ्यायची रीत मला फार आवडते. पिस्टनच्या डोक्यावर पोरांच्या खेळण्यातली मऊ माती थापायची, हेड बसवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, हेड काढायचं आणि व्हॉल्व्हनं दाबलेली माती ब्लेडनं कापून मोजायची. इनलेटला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्ट जास्त तापतो, तापला की वाढतो.

मी यातलं काहीच केलं नव्हतं. एका ओळखीच्या पोराकडून घासलेला कॅम आणला, जुन्या थकलेल्या स्प्रिंगांवरच चढवला, भाईजानला न सांगता. आठ दिवस गाडी वाऱ्यासारखी पळाली. मग पाटसच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना भाईजाननं खेचली. स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत परत आणता आला नाही आणि वर येणाऱ्या पिस्टननं तो गाठला. इंजिन बंद, मागं ट्रॉली. भाईजान कसेबसे कडेला उतरले. त्या दिवशी भाभी मागं बसलेल्या होत्या. हा पोरगा तेव्हा जन्मायचा होता.

मी गुपचूप जुना कॅम परत बसवून घेतला. "गाडीचं नशीब," म्हणत भाईजाननं खर्च भरला. मी गप्प राहिलो, ते जाईपर्यंत.

उस्तादांच्या बाकावर बसून हे सगळं पोराला सांगितलं. तो बराच वेळ हातातली स्प्रिंग दाबत राहिला.

"अब्बूंना कधीच कळलं नाही?"

"नाही."

उस्ताद वर न बघताच म्हणाले, "वाकलेला व्हॉल्व्ह त्यांनीच आणून दाखवला होता मला. विचारलं, हे कशानं होतं. मी सांगितलं."

"मग?"

"मग काय. म्हणाले, छोट्याला बोलू नका."

नव्या स्प्रिंगा पुण्याहून मागवल्यात. येईपर्यंत कॅम उस्तादांच्या कपाटात आहे.