गजकची थंडी

थंडी आली की ग्वाल्हेरच्या घरात गजक आणि रेवडी येतातच. मी नववीत होते त्या वर्षी मात्र ती दोघं आमच्याकडे पिंजऱ्यातून आली. सोनेरी रंगाचे, मुठीत मावतील एवढे दोन हॅमस्टर. रंग पाहून धाकट्या भावाने तिथल्या तिथे नावं ठेवली.

आजीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, आपल्या गल्लीतले उंदीर कमी पडले का? त्यांना पिंजरा लावून बाहेर सोडतो, आणि हे पैसे देऊन घरात आणलेत!" मी म्हटलं, "आजी, याला शेपूटच नाही बघ." ती म्हणाली, "आहे. नीट बघ." आणि होतीच, अर्ध्या बोटाएवढीसुद्धा नाही, पण होती.

दुकानदाराने आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एकटा ठेवला तर कंटाळतो, म्हणून जोडी न्या, आणि दाणे टाकत राहा, बाकी काही लागत नाही. दोन्ही चूक. पण तेव्हा आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? आम्ही विचारलंही नाही, शोधलंही नाही.

पहिले काही आठवडे दोघं एकमेकांच्या अंगावर झोपायचे. मग एका रात्री किंचाळण्याचा आवाज आला. दिवा लावून पाहिलं तर रेवडीच्या कानातून रक्त येत होतं. त्या रात्री एकाला प्लॅस्टिकच्या टबात ठेवलं आणि मी पहिल्यांदा वाचायला बसले. हे सोनेरी हॅमस्टर म्हणजे सीरियन जात. मोठे झाले की ते एकटेच राहतात. सख्खे भाऊ असले तरी एका पिंजऱ्यात ते एकमेकांचा जीवही घेऊ शकतात. आपल्याला एकटेपणा म्हणजे शिक्षा वाटते, त्यांना तो हवा असतो. रेवडी मावशीकडे इंदूरला गेला. गजक आमच्याकडे राहिला.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. 1930 साली इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातलं खोल बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं काढली आणि पिल्लं जेरुसलेमला नेली. आज जगभरात घरोघरी असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका कुटुंबाचे वंशज आहेत. मूळच्या प्रदेशात मात्र ते आता दुर्मीळ झाले आहेत. मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हाही आपल्यासारखाच. मूळ गाव एकीकडे, घर दुसरीकडे." त्या दिवसापासून ती त्याला 'उंदीर' म्हणेनाशी झाली.

मग जानेवारी आला. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. रात्री पारा चार-पाच अंशांवर, सकाळी धुकं, दिवसभर ऊन नाही. गजकचा पिंजरा मागच्या खोलीत होता. त्या खोलीला उत्तरेची खिडकी, आणि माझी परीक्षा असल्यामुळे मी तिथे फारशी जातच नव्हते.

एका सकाळी भाऊ रडत आला. गजक गोळा होऊन पडला होता. हात लावला तर बर्फासारखा थंड. श्वास दिसत नव्हता. हाक मारली, हलवलं, काही नाही. बाबांनी अंगणात पारिजातकाखाली छोटा खड्डा खणला. आईने जुन्या रुमालात त्याला गुंडाळलं. भाऊ म्हणाला, एकदा आजीला दाखवू.

आजीने रुमाल उघडला, बोटाने त्याचा पाय हलवला, आणि म्हणाली, "थांबा जरा. मेलेलं अंग ताठतं. हा मऊ आहे."

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. बराच वेळ गेला. आणि मग एक मिशी हलली. एकच.

बाबांनी ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, घाई करू नका, गरम पाण्याजवळ किंवा हीटरसमोर अजिबात नेऊ नका, अंगाच्या उबेने हळूहळू गरम करा. आजीने त्याला शालीत घेऊन छातीशी धरलं आणि जपमाळ हातात घेतली. अर्ध्या तासाने तो थरथरायला लागला. तासाभराने त्याने डोळे उघडले, मग आम्ही थेंब थेंब पाणी दिलं. तोपर्यंत आजी जागची हलली नव्हती.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. थंडी वाढली, उजेड कमी झाला, खाणंपिणं अपुरं पडलं, तर हॅमस्टरचं शरीर जवळजवळ बंद पडतं. काळजाचे ठोके आणि श्वास अगदी मंदावतात. रानात जमिनीखाली साठा करून तो अशी थंडी काढू शकतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला मात्र ती ताकद पुरेलच असं नाही, यातून तो मरूही शकतो. म्हणजे तो झोपला होता हे जितकं खरं, तितकंच आमच्या निष्काळजीपणामुळे मरायला टेकला होता, हेही खरं. अंगणातला तो खड्डा बाबांनी बुजवला, पण मला तो पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला.

त्यानंतर आम्ही त्याचं घर बदललं. तारेचा छोटा पिंजरा काढून सुताराकडून साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी करून घेतली, वर जाळी. ती बैठकीत, आतल्या भिंतीला लागून ठेवली. तळाला वीतभर जाड कागदी भुसा, कारण त्याला बिळं खणायची असतात. दुकानात मिळणारा मऊ कापूस काढून टाकला. त्याचे धागे पायात अडकतात आणि पोटात गेले तर जीवावर बेततं. चाकही मोठं आणि सलग आणलं, धावताना पाठ वाकणार नाही असं. एका रात्रीत तो त्यावर काही किलोमीटर धावत असेल. अंघोळ पाण्याची नाही, वाळूची: एका थाळीत कोरडी वाळू ठेवली की तो स्वतःच लोळतो.

खाण्यात धान्याचं मिश्रण, थोडी काकडी, गाजर, कधी उकडलेल्या अंड्याचा कण. कांदा, लसूण, संत्रं, चॉकलेट बंद. दिलेलं सगळं तो गालांत भरायचा. त्या पिशव्या खांद्यांच्याही मागे जातात, त्यामुळे तोंड दुप्पट मोठं दिसायचं. मग कोपऱ्यात जाऊन साठा करायचा. जर्मन भाषेत साठेबाजीला जो शब्द आहे तो याच्याच नावावरून आलेला. आजी म्हणायची, "दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर याला नेमायला हवा."

उन्हाळ्याची वेगळी काळजी. मे महिन्यात इथे पंचेचाळीस अंश होतात आणि तिशीच्या पुढेच त्याला उष्माघाताचा धोका. कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशा बेताने पेटी ठेवायची, आत मातीचं कुंडं आडवं करून द्यायचं. दुपारभर तो त्या गार कुंड्यात पसरून पडायचा.

हॅमस्टर दोन-तीन वर्षंच जगतो. गजक आमच्याकडे सव्वादोन वर्षं होता. शेवटी चाकावर जाईनासा झाला, अंगावरचे केस विरळ झाले. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो कुंड्यात निजलेला सापडला. खोली उबदार होती. आजीने हात लावला आणि काहीच बोलली नाही. तरी आम्ही त्याला दुपारपर्यंत शालीत ठेवला. मग पारिजातकाखाली, त्याच जागी.

मंडळाच्या कार्यक्रमात मुलं मला विचारतात, "ताई, हॅमस्टर आणू का?" मी नाही म्हणत नाही. एवढंच विचारते: तो दिवसभर झोपणार आणि रात्री खुडबुड करणार, चालेल? त्याला उठवून खेळवायचा मोह आवरेल? मे महिन्यात सगळे पुण्याला लग्नाला गेलात तर त्याच्यापाशी कोण राहील? तुमच्या गावात लहान प्राणी तपासणारे डॉक्टर आहेत का? आणि तुमची परीक्षा जानेवारीत असेल, तर रोज एकदा त्याच्याकडे कोण बघेल?

शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. आमच्याकडे त्या एका सकाळी त्याचं उत्तर नव्हतं.