विहीर तीच

भाईंदर पूर्वेला माझ्या धाकट्याचा गाळा आहे. आत एक लेथ, एक ड्रिल आणि कोपऱ्यात हत्तीसारखं बसलेलं मिलिंग मशीन. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ. पत्रा दाबून वाटी-झाकणं काढायची तर प्रेसला डाय लागते, ती डाय कोरायचं काम हे मशीन करतं. मशीन आकड्यांवर चालणारं, सीएनसी. एक मोटर टेबल डावं-उजवं सरकवते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वरचं डोकं खाली-वर करते. कुठे किती सरकायचं ते कपाटातला कंट्रोलर सांगतो. धाकट्याने ते जुनंच घेतलं होतं, त्याच्या जन्माआधीचं.

2020च्या मार्चात टाळेबंदी लागली. गाळा बंद, वरून पावसाळा. धाकट्याने पुढे शटर उघडलं, मेन टाकला, तर हिरव्या स्क्रीनवर नुसते अलार्म. त्या जुन्या कंट्रोलरची आठवण एका बॅटरीवर टिकते. मशीन बंद असलं की बॅटरी ती आठवण सांभाळते. बॅटरी संपली तर टेबल किती लांब जातं, वेग किती, थांबायचं कुठे, सगळं पुसलं जातं. म्हणून बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवूनच. ते आकडे कपाटाच्या दाराला आतून कागदावर चिकटवलेले होते. त्या कागदाची ऊधईने चाळण केली होती. त्यात ओल लागून दोन कार्डंही गेली. ती कार्डं आता बनत नाहीत, असं उत्तर आलं.

भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. नवं मशीन वीस लाखांच्या पुढे. धाकटा घरी यायचा, जेवायचा, ताटावरून उठायचा. माझ्याशी बोलेना. शेवटी बायकोने सांगितलं, "पोरगा विचारत होता, वाडीला गिऱ्हाईक आहे म्हणे. तुम्हाला कसं विचारू म्हणतोय."

वाडी अकरा गुंठ्यांची. पावसाळ्यात भात, मग वांगी, मिरची, काकडी. शहर आमच्याकडे दरवर्षी एक पाऊल सरकतंय. उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील अजून सुकतात, पण मागच्या बाजूला वाड्या कमी होत चालल्यात. मी रागावलो नाही. पोराच्या पोटाचा प्रश्न होता. फक्त म्हटलं, "आधी मला ते मशीन बघू दे."

दुसऱ्या दिवशी बसने निघालो. मोरवा, राई, मुर्धा मागे टाकत भाईंदर, मग रूळ ओलांडून पूर्वेला. मशीनच्या बिछान्यावरून हात फिरवला. थंड, जड, गुळगुळीत बीड. विचारलं, "ह्याचं बिघडलंय काय?"

"डोकं, पप्पा."

"आणि अंग?"

त्याने उत्तर दिलं नाही, कारण ते कुणी तपासलंच नव्हतं.

मला आमची विहीर आठवली. माझ्या लहानपणी तिच्यावर रहाट होता. बैल फिरायचा, गाडगी पाणी उपसून पन्हळीत ओतायची. करकर आवाज पहाटे घरात यायचा. पुढे रहाट मोडला. लाकूड महाग, बैल म्हातारा. माझ्या बापाने रहाट काढला आणि ऑईल इंजिन बसवलं. बाजूचे म्हणाले, इंजिन आणतोयस तर विहीरही नवी मार. बाप म्हणाला, "विहिरीला काय झालंय?" तो आधी खाली उतरला होता, झरे हाताने चाचपून आला होता. पुढे इंजिन गेलं, विजेची मोटर आली. विहीर तीच आहे.

धाकट्याला म्हटलं, "आधी विहिरीत उतर."

ठाण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला मिस्त्री त्याने शोधून आणला. मिस्त्रीने बिछान्यावर डायल गेज फिरवलं, सुई जेमतेम हलली. स्क्रूमध्ये प्ले निघाला चार शतांश मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीच्या आतबाहेर. मोटरींचे कार्बन ब्रश झिजलेले, पण मोटरी आणि त्यांना वीज पुरवणारे ड्राइव्ह ठीक. मिस्त्री म्हणाला, "बीड जुनं तितकं बरं. आतला ताण निघून गेलेला असतो, आता वाकायचं नाही. नुसता कंट्रोलर बदला."

पण नवा कंपनीचा कंट्रोलरही परवडणारा नव्हता. तेव्हा धाकट्याने लिनक्ससीएनसीचं नाव काढलं. साध्या कॉम्प्युटरवर चालणारा कंट्रोलर, आणि फुकट. मला फुकट म्हटलं की शंका येते. म्हणून विचारून घेतलं. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन 1952 साली अमेरिकेत एमआयटी नावाच्या संस्थेत लोकांना दाखवलं. कल्पना पार्सन्स नावाच्या कारखानदाराची. त्याला हेलिकॉप्टरची पाती अचूक करायची होती. तिथेही मशीन नवं घडवलं नव्हतं. सिनसिनाटी कंपनीचं होतं तेच मशीन घेतलं आणि त्याला भोकं पाडलेल्या पट्टीवरचे आकडे वाचणारा कंट्रोलर जोडला. हे ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे मुळातच हे जुन्या अंगावर नवं डोकं बसवण्याचं काम. पुढे 1990च्या दशकात तिथल्या सरकारच्या मोजमापाच्या संस्थेने कॉम्प्युटरवरचा कंट्रोलर तयार करून सगळ्यांना खुला केला. जगभरच्या लोकांनी तो वाढवला, तोच हा. आमच्याकडे बांध घालायला सगळे जमतात, तसंच म्हणायचं.

साडेतीन लाखांच्या आत बेत बसला. त्यातले काही भाताचे, काही बायकोच्या पाटल्यांचे.

कामाला लागल्यावर माझ्या शेतकीचा दोनदा उपयोग झाला. पहिला असा. वरच्या डोक्याची मोटर सोडवायला धाकटा पाना घेऊन चढला. मी म्हटलं, "खाली टेकू दिलास?" बैलगाडीचं चाक काढताना आधी टेकू, हे आम्ही चड्डीत असताना शिकलो. मिस्त्री थबकला. त्या डोक्याचं वजन मोटरीच्या ब्रेकवर तोललेलं. मोटर काढली की डोकं धाडकन खाली. हात असता तर हात गेला असता. मी वाडीतून आंब्याचा ओंडका नेला, तो खाली घातला, मग पाना लागला.

दुसरा प्रसंग पहिल्यांदा वीज द्यायच्या दिवशीचा. अमेरिकेहून मागवलेलं कार्ड बसलं होतं, वायरी नव्या, अर्थिंग वेगळं. धाकटा घाईला आला होता. मी विचारलं, "मोटर उलटी फिरली तर?" पंपाची थ्री फेज मोटर दुरुस्तीहून आली की आम्ही आधी ती पंपापासून सोडवून फिरवून बघतो. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर उलटी फिरते. धाकटा म्हणाला, "पप्पा, हे पंपासारखं नाही." मिस्त्री म्हणाला, "पट्टा काढ."

पट्टा काढला. बटण दाबलं. मोटर जागच्या जागी स्थिर राहायला हवी होती. ती एकदम किंचाळत सुटली, वेग वाढतच गेला. मिस्त्रीने लाल बटणावर हात मारला. झालं होतं असं: मोटर किती फिरली हे सांगणाऱ्या एन्कोडरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. मोटर जरा पुढे सरकली की कंट्रोलरला वाटायचं मागे गेली, म्हणून तो आणखी पुढे ढकलायचा. जितकी चूक, तितका जोर. पट्टा असता तर ते जड टेबल टोकाला जाऊन आदळलं असतं आणि स्क्रूचे पैसे पाण्यात. धाकटा खाली स्टुलावर बसला. तोंड पांढरं. मी चहा मागवला. कुणी काही बोललं नाही. चहा झाल्यावर त्याने दोन वायरी बदलल्या, कॉम्प्युटरमध्ये चुकीची मर्यादा अगदी कमी ठेवली, म्हणजे जरा गडबड झाली की वीज तुटेल, आणि मग पुन्हा बटण दाबलं. मोटर शांत उभी राहिली.

शेवटी परीक्षा गोलाची. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर एक वर्तुळ कापायचं. वर्तुळात प्रत्येक मोटरीला दोनदा दिशा उलटावी लागते. स्क्रूत प्ले असेल तर त्या चार ठिकाणी बारीक पायरी उमटते. पहिल्या गोलावर नखाला चारही पायऱ्या लागल्या. मिस्त्रीने प्ले मोजून तेवढी भरपाई कॉम्प्युटरला सांगितली. दुसऱ्या गोलावर मी नख फिरवलं, डोळे मिटून फिरवलं. काही लागलं नाही.

मशीन नवं झालं असं मी म्हणणार नाही. नव्याच्या वेगाने ते धावत नाही. स्क्रू आणखी झिजेल, तेव्हा तो बदलावाच लागेल. नुसत्या आकड्यांच्या भरपाईने झीज भरत नाही. पण गेली दोनेक वर्षं डाय निघताहेत, कर्जाचा हप्ता चुकलेला नाही. गिऱ्हाईकाला मी स्वतः सांगितलं, वाडी विकायची नाही. उद्याचं मला माहीत नाही. धाकट्यालाही मी कधी वचन मागितलं नाही.

नव्या कंट्रोलरची आठवण बॅटरीवर नाही. सगळे आकडे एका साध्या फाइलमध्ये असतात, कुणालाही वाचता येणाऱ्या. धाकट्याने तिच्या तीन प्रती केल्या. एक गाळ्यात, एक मिस्त्रीकडे. तिसरी पेन ड्राइव्हवर घालून माझ्या हातात दिली.

"पप्पा, ही तुमच्याकडे राहू दे. ऊधई लागणार नाही अशी ठेवा."

मी ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, सातबाऱ्याच्या पिशवीत.