खांद्यावरचा आकडा

आपल्या घरी जुन्या छायाचित्रात लष्करी वेशातला एखादा पूर्वज असेल, तर त्याची कथा ऐकण्याआधी त्याचा खांदा पाहावा. मी नेमके उलट केले.

अकलूजच्या आमच्या घरात, सोप्यातल्या भिंतीवर असे एक छायाचित्र आहे. हे आमचे खापरपणजोबा, मुंबई लष्करात सुभेदार होते आणि १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात लढले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. दर दसऱ्याला त्यांना हार घातला जाई. निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ लिहावयास घेतली, तेव्हा तो फोटो प्रथमच खाली उतरवून भिंगाखाली धरला.

रंगावर विसंबण्यात अर्थ नव्हता. त्या काळच्या बहुतेक काचपट्ट्यांवर तांबडा रंग जवळजवळ उमटतच नसे, निळा मात्र फिकट येई. त्यामुळे लाल डगलाही छायाचित्रात काळा भासतो. (आमच्या घरी ‘सुभेदारांचा काळा कोट’ असाच उल्लेख होत असे!) छातीवर पदक नव्हते, पण तो पुरावा दुबळा, त्या दिवशी लावले नसेल. बाहीवर मात्र दोन फिती होत्या. दोन फिती नाइकाच्या, तीन हवालदाराच्या. सुभेदाराला बाहीवर फिती नसतातच. सुभेदारी तिथेच गेली.

मग खांदा पाहिला. धातूच्या पट्टीवर आकडा होता ११७. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पायदळ पलटणींचे क्रमांक एक वा दोन अंकी असत. १९०३ मध्ये हिंदुस्थानातील पलटणींना नवे क्रमांक देताना मुंबईच्या पायदळाच्या मूळ क्रमांकांत शंभर मिळवले गेले. पहिली ग्रेनेडियर्स १०१ वी झाली आणि १७ वी पलटण ‘११७ वी मराठा’. १९२२ च्या पुनर्रचनेत तोही क्रमांक संपला. म्हणजे फोटो या एकोणीस वर्षांतला. १८८० मध्ये लढलेला माणूस त्यात पंचविशीचा कसा दिसेल?

पणजोबांचे एक धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियास गेले, ते परतले नाहीत, एवढे घरात ठाऊक होते. ११७ वी मराठा पलटण कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. मी हे सारे आत्याला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मंग इतकी वर्सं आपुन हार कुनाला घातला रं?”

थोड्या वेळाने तिला धाकली आजी आठवली, त्या भावाची विधवा. आत्याच्या बालपणी ती म्हातारी रोज तिन्हीसांजेला पदराने या फोटोची काच पुसत असे. सासऱ्याच्या फोटोपुढे ही एवढा वेळ का उभी राहते, असे तिला कोणी विचारले नाही. आणि नवऱ्याचे नाव घेण्याची रीत नसल्याने तिनेही कधी सांगितले नसावे.

गणवेशाने मला पलटण सांगितली, काळ सांगितला. माणूस कोण, हे त्याने सांगितले नाही. वंशावळीत त्या फोटोपुढे मी धाकट्या भावाचे नाव लिहिले आहे, अजून पेन्सिलीनेच.