चार दिवस, तीन स्टेशने

सुट्टीत कुठे जायचे हा प्रश्न आमच्या घरी मताला टाकण्यात अर्थ नसतो, कारण मते नेहमी मतदारांपेक्षा जास्त निघतात. यंदा जानेवारीत प्रजासत्ताकदिनाला जोडून चार दिवस मोकळे मिळाले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या महाबळेश्वर, चिरंजीव म्हणाले गोवा. यांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, "ठाणे."

"ठाणे?" आम्ही तिघेही एकदमच ओरडलो.

"ठाणे, डोंबिवली आणि कल्याण. पक्षी आहेत, डोंगर आहे, आपली माणसे आहेत. आणखी काय लागते सुट्टीला?"

चिरंजीव आणि सूनबाई गोव्याला गेली. दुर्बीण चारही दिवस आपल्याच गळ्यात राहील या अटीवर अकरा वर्षांच्या नातवाने आमची बाजू घेतली. पुण्याची माणसे सुट्टीला ठाण्याला निघाली हे ऐकून शेजारच्या बाई हलक्या आवाजात मला विचारून गेल्या, "कुणी आजारी आहे का हो?" मी नाही म्हटले. ते अगदी खरे नव्हते, पण त्याविषयी पुढे सांगेन.

यांचे पक्ष्यांचे वेड माझ्या कुंकवाइतकेच जुने. पक्षीनिरीक्षण म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पहाटे पाचला उठायचे, थर्मासमध्ये चहा भरायचा, दोन तास मान वर करून चालायचे, आणि "तो बघ, तो बघ" असे कुणी म्हणाले की हललेली फांदी तेवढी बघायची. पहिली दहा वर्षे मी फांद्याच बघितल्या. पुढे एकदा हळद्या दिसला. पिवळाधमक, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा! तेव्हापासून मी तक्रार कमी केली.

पुण्याहून येताना आधी कल्याण लागते, मग डोंबिवली, आणि १९१६ सालचा पारसिकचा बोगदा ओलांडला की ठाणे. आम्ही थेट ठाण्याला उतरलो आणि एकेक मुक्काम करीत मागे यायचे ठरवले. कल्याणलाच परतीची गाडी धरायची होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि रूळ कल्याणला पोचले ते १८५४ च्या मे महिन्यात. नातू म्हणाला, "म्हणजे एवढ्याशा अंतराला वर्ष लागले?" मधे खाडी आहे आणि डोंगर आहे, हे त्याला खिडकीतून दाखवता आले.

ठाण्याला आमच्या आतेनणंदेकडे उतरलो. नौपाड्यात त्यांचे बैठे घर होते, दारात प्राजक्त होता. आता त्याच जागेवर चौदाव्या मजल्यावर राहतात. प्राजक्त कुंडीत आहे आणि फुलतो म्हणे. वन्संनी मासुंद्याच्या काठाने फिरवून आणले, कोपिनेश्वराचे दर्शन घडवले, आणि रात्री अळूची भाजी इतकी वाढली की दुसऱ्या दिवशी होडी बुडेल अशी मला धास्ती वाटली.

होडी होती ती रोहित पक्ष्यांसाठी. यांनाच अग्निपंख म्हणतात आणि वर्तमानपत्रे फ्लेमिंगो म्हणतात. वन विभागाचे केंद्र खाडीकाठी ऐरोलीला आहे, आणि भरतीओहोटीची वेळ बघून होड्या सुटतात. दोन्ही बाजूंना तिवरांची गर्द भिंत, मागे उंच इमारती, वरून विजेच्या तारा, आणि मधल्या चिखलावर हजारो गुलाबी पक्षी. सगळ्यांच्या माना खाली! चोच उलटी करून पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. अंगावरचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो, पिल्ले जन्मतात ती राखी-पांढरी. २०१५ साली या खाडीचे अभयारण्य झाले आणि २०२२ साली रामसर यादीत तिचे नाव गेले. शेवाळाला जोर चढतो त्यात आपल्या शहरांच्या सांडपाण्याचाही वाटा आहे असे अभ्यासक म्हणतात. नातवाने त्यावर नाक मुरडले. मला मात्र वाटले, इतक्या घाणीचे इतके सुंदर काही होत असेल तर त्यात पक्ष्यांचा मोठेपणा आहे, आपला नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले होते. ते आठवून हे होडीत बराच वेळ गप्प होते.

येऊरला दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. फाटकावर नोंद केली आणि वाटाड्याबरोबर चढ चढलो. चढ माझ्या गुडघ्यांना मानवला नाही एवढेच लिहिते. महाभृंगराज दिसला, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके लावून उडणारा. बिबट्या दिसला नाही. नातू हिरमुसला आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

आता डोंबिवली. खरे म्हणजे सारा खटाटोप डोंबिवलीसाठीच होता.

यांचे कॉलेजातले स्नेही तिथे राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. वसतिगृहात दोघे एका खोलीत होते. १९७५ साली दोघांनी निम्मेनिम्मे पैसे घालून सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक जुन्या बाजारातून घेतले. पुस्तक मूळ १९४१ सालचे, यांची प्रत नंतरच्या आवृत्तीची. वसतिगृह सुटले तेव्हा ते कुणी ठेवायचे यावर वाद झाला आणि तह ठरला: जानेवारी ते जून भाऊजींकडे, जुलै ते डिसेंबर आमच्याकडे. तेव्हापासून ते पुस्तक वर्षातून दोनदा बोरघाट चढते-उतरते. समासात दोघांच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत. पक्षी, जागा, तारीख. अक्षरावरून कुणाची ते कळते.

भाऊजींना काचबिंदू आहे. मागल्या दोन वर्षांत नजर जवळजवळ गेली. उजेड आणि सावली एवढेच कळते. फोनवर ते कधी बोलले नाहीत. वहिनींनी मला सांगितले होते आणि मी यांना सांगितले होते. शेजारच्या बाईंना मी जे सांगितले नाही ते हे.

चहा झाला. यांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवले. भाऊजींनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता तुझ्याकडेच राहू दे रे. मला काय उपयोग?"

"तह मोडायला दोघांच्या सह्या लागतात," हे म्हणाले. "माझी मिळणार नाही."

मग कुणीच काही बोलेना. शेवटी भाऊजीच म्हणाले, "उद्या उंबार्लीच्या टेकडीवर जाणार असाल तर मला न्या."

आतून त्यांचा मुलगा बाहेर आला. तो म्हणाला ते वावगे नव्हते. वाटेवर दगड आहेत, बाबा मागे एकदा जिन्यात पडले आहेत, पडले तर धावपळ त्यालाच करायची आहे. हे माझ्याकडे बघू लागले. मी वहिनींकडे बघितले. वहिनी मुलाला म्हणाल्या, "दोन वर्षे मी यांना पडू दिले नाही. रोज खुर्चीत बसलेले बघते. उद्या जाऊ दे. मी पण जाते."

ही टेकडी काही सिंहगड नव्हे. गावातल्या निसर्गप्रेमींनी झाडे लावून, उन्हाळ्यात पाणी घालून ती जपली आहे. तरी वर पोचायला आम्हाला एक तास लागला. भाऊजींचा एक हात नातवाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात काठी. नातू "आजोबा, दगड. आजोबा, खड्डा. आजोबा, बोरीचे काटे," असे पुकारत चालला होता. वहिनी एक अक्षर न बोलता मागून येत होत्या. त्यांच्या हातातला रुमाल पिळून दोरी झाला होता.

वर खडकावर बसलो आणि भाऊजींनी सुरुवात केली. "डावीकडे वेडे राघू. चार-पाच तरी. खाली तांबट, ठोके मोज. हा शिंपी." नातवाच्या फोनमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारी एक युक्ती होती, तोही पडद्यावर बघून हो हो म्हणत होता. एवढ्यात कर्कश आवाज आला आणि गवतातल्या साळुंक्या भर्रकन उडाल्या. फोनवर नाव उमटले. नातू ओरडला, "शिक्रा! आजोबा, शिक्रा!"

भाऊजींनी मान हलवली. "शिक्रा नाही. कोतवाल आहे तो. शिक्र्याची नक्कल करतो लबाड. साळुंक्या घाबरून पळाल्या की त्यांचा किडा हा पळवतो. दुर्बीण लाव. काळा, शेपूट दुभंगलेली."

नातवाने दुर्बीण लावली. बराच वेळ शोधले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हो. चोचीत किडा आहे."

भाऊजी मोठ्याने हसले. दोन वर्षांत असे हसले नव्हते असे वहिनी मला उतरताना म्हणाल्या. उतरताना ते एकदा घसरले. यांनी दंड धरला आणि सावरले. ही गोष्ट मुलाला कळवायची नाही असे आम्हा पाचांचे ठरले. तो हे वाचीलच, तेव्हा आता त्याने रागावू नये.

कल्याणला माझी शाळेतली मैत्रीण पारनाक्याजवळ राहते. तिच्याकडे दुपार गेली आणि सत्तेचाळीस वर्षांच्या गप्पांना चार तास पुरले नाहीत. हे दोघे दुर्गाडीवर जाऊन आले. १६५७ साली कल्याण शिवाजी महाराजांच्या हाती आले आणि याच खाडीवर मराठी आरमाराचा पाया पडला, हे नातवाला तिथे उभे करून सांगणे यांना आवश्यक वाटले. तो परत आला तो बुरुजावरून दिसलेल्या घारी मोजून.

पुस्तक डोंबिवलीतच ठेवून आलो. जुलैत आमची पाळी. हे आणि नातू भर पावसात जाऊन ते घेऊन आले. ओल लागू नये म्हणून वहिनींनी ते प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दिले होते. रात्री यांनी उघडले आणि मला हाक मारली.

समासात तिसरे अक्षर होते, वहिनींचे. पेन्सिलीनेच. तांबटाच्या पानावर: "गॅलरी, २८ जानेवारी. ऐकला." दयाळाच्या पानावर: "गॅलरी, १४ मार्च. पहाटे. ऐकला." अशा वीस-बावीस नोंदी होत्या. शेवटची पावशाच्या पानावर, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. "उंबार्ली. यांना आधी ऐकू आला, मग मला."