पडद्यावरचा जलजला

सिनेमा पाहायला जातात, असे शहाणी माणसे म्हणतात. आमच्या हिंगोलीत सिनेमा ऐकायलाही जात असत. पुढच्या माणसाच्या फेट्यामुळे पडदा कधी अर्धाच दिसायचा, पण आवाज मात्र सर्वांना सारखा मिळायचा. तिकिटाला पैसे नसले तर थिएटरच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसले की तो फुकटही मिळे. आम्ही मोहल्ल्यातल्या पोरांनी कितीतरी सिनेमे आधी भिंतीतून ऐकले आणि नंतर वर्षा-दोन वर्षांनी डोळ्यांनी पाहिले.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. करमणूक म्हणजे दसऱ्याचे मैदान, उरुसातली कव्वाली, औंढ्या नागनाथाची जत्रा आणि सिनेमा. जत्रेत तंबूचे टॉकीज यायचे. गावात पक्के थिएटर होते. पक्के म्हणजे भिंती विटांच्या आणि छप्पर पत्र्याचे. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून वर मोठमोठे दगड ठेवलेले असत. असे दगड तेव्हा आमच्या घरांवरही होते आणि गोठ्यांवरही. त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नसे.

आवाजाची व्यवस्था साधी होती. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा प्रकाश जातो, त्या प्रकाशाच्या कमीजास्त होण्यातून वीज आणि विजेतून आवाज तयार होतो. पडद्यामागे एक मोठा कर्णा ठेवलेला असे. तो माणसाचे बोलणे खणखणीत ऐकवायचा, सारंगी आणि सतार गोड वाजवायचा. पण ढगांचे घुमणे, तोफेचा धडाका, जमिनीची गुरगुर अशी खालच्या पट्टीतली कामे त्याला झेपत नसत. तोफ वाजली की तेलाचा रिकामा डबा आपटल्यासारखे वाटे. ही उणीव भरून काढण्याचे काम मशीनवाल्या चाचांचे. त्यांना सिनेमा पाठ असायचा. मोठा प्रसंग जवळ आला की ते आवाजाचे बटण हळूहळू उजवीकडे फिरवू लागत. कधी विसरले तर थर्ड क्लासातून आरोळी उठे, "चाचा, जलजला आरा, आवाज बढाओ ना!"

आमच्या घरी भूकंपाला जलजला म्हणत. हा शब्द आम्हाला कुराणशरीफमधल्या एका सूरतच्या नावामुळे लहानपणीच ठाऊक होता. पण जलजला कसा असतो ते पहिल्यांदा दाखवले 'वक्त'ने. हा सिनेमा १९६५ चा, निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक यश चोप्रा, संवाद उर्दूचे मोठे शायर अख्तर-उल-ईमान यांचे. आमच्या गावी तो जुना होऊन परत परत यायचा. बलराज साहनींचा लाला केदारनाथ आपल्या भरभराटीच्या गुर्मीत नशिबालाही जुमानत नाही, आणि आनंदाच्या त्याच रात्री जमीन हलते, हवेली कोसळते, तीन मुलगे तीन दिशांना जातात. पडद्यावर हा प्रसंग फार लांब नाही. पण चाचांनी बटण शेवटपर्यंत फिरवलेले असायचे, कर्णा फाटल्यासारखा ओरडायचा आणि त्या आवाजाने डोक्यावरचे पत्रे थरथरू लागायचे. पत्रे थरथरले की वर्षभराची धूळ खाली झडायची. जनान्यातून एकाच वेळी "या अल्लाह" आणि "अगं आई गं" ऐकू यायचे. इंटरव्हलमध्ये भजी खाताना सगळ्यांच्या केसांवर ती धूळ असायची आणि ती झटकायची कुणाची तयारी नसायची. पैसे वसूल झाल्याची ती खूण होती.

दादी मात्र या सिनेमाला कधी आली नाही. आम्ही घरी येऊन पत्रे कसे हलले त्याचे वर्णन करू लागलो की ती म्हणायची, "जलजले का भी तमाशा करते क्या रे? जिसकी छत गिरी उसकू जाके पूछो." त्या वयात असली वाक्ये कानांवर पडतात आणि तशीच पुढे जातात.

मुंबईहून सुट्टीत येणारा कुणीतरी सांगायचा की परदेशात म्हणे असे थिएटर आहे, भूकंप आला की खुर्चीच हालते. आम्हाला ती थाप वाटे. पुढे कळले की थाप नव्हती. १९७४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत युनिव्हर्सल कंपनीचा 'अर्थक्वेक' लागला. मार्क रॉबसन दिग्दर्शक, चार्लटन हेस्टन नायक, लॉस एंजेलिस शहर जमीनदोस्त होण्याची गोष्ट. त्यासाठी कंपनीने 'सेन्सराउंड' नावाची युक्ती काढली. पडद्याखाली आणि थिएटरच्या मागच्या बाजूला कपाटाएवढे स्पीकर बसवले. त्यांना जागा व्हावी म्हणून खुर्च्या उखडल्या. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या खालचे ऐकू येत नाही. हे स्पीकर त्या सीमेच्या आसपासचा घनघोर नाद काढत. तो कानापेक्षा छातीला आणि पोटाला अधिक जाणवे, आणि खुर्ची खरोखर थरथरे. हॉलीवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून वर जाळी बांधली होती. या सिनेमाला आवाजाचे ऑस्कर मिळाले आणि सेन्सराउंडच्या तंत्राचाही वेगळा सन्मान झाला.

आम्हाला यात सर्वांत गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तो गडगडाट फिल्मवर मुद्रित केलेला नव्हताच. फिल्मवर फक्त इशाऱ्याचे स्वर होते. ते आले की थिएटरातले एक यंत्र जागे होई आणि तिथल्या तिथे घरघर तयार करी. म्हणजे तिकडे यंत्र जे करत होते तेच इकडे आमचे चाचा करत होते. त्यांच्या मदतीला कपाटाएवढे स्पीकर होते, आमच्या मदतीला पत्रे. फरक एवढाच की त्यांनी गिलाव्यासाठी जाळी बांधली होती, आमच्याकडे पत्र्यांवर दगड होते.

सेन्सराउंड फार टिकले नाही. 'मिडवे' (१९७६), 'रोलरकोस्टर' (१९७७) असे मोजके सिनेमे त्यात निघाले. एका इमारतीत दोन-चार पडदे असायची पद्धत वाढत होती. भूकंप या पडद्यावर व्हायचा आणि शेजारच्या पडद्यावरच्या प्रेमिकांच्या भिंती हलायच्या. खर्चही परवडेना. ती युक्ती मावळली.

आमच्याकडे त्याच सुमारास 'शोले' आला. १५ ऑगस्ट १९७५ ला तो प्रदर्शित झाला तेव्हा मोठ्या शहरांत ७० एमएमचा पडदा आणि सहा ट्रॅकचा स्टिरिओफोनिक आवाज होता. जयने उडवलेले नाणे खणकन पडले की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहत, असे किस्से सांगितले जात. आमच्याकडे आली ती साधी प्रिंट, एका कर्ण्याची. नाणे पडद्यामागेच पडले. तरी दोन-चार जण वाकलेच, कारण मुंबईला वाकतात असे त्यांनी ऐकले होते. मग १९८० मध्ये रवी चोप्रांचा 'द बर्निंग ट्रेन' आला. त्याला पत्र्यांची मदत होतीच, शिवाय रेल्वेचीही. पूर्णा-अकोला मार्ग तेव्हा मीटरगेज होता, २००८ मध्ये तो ब्रॉडगेज झाला. रात्रीच्या खेळाला पडद्यावरची जळती गाडी सुसाट धावत असताना बाहेरून आमच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि सारे थिएटर टाळ्या वाजवायचे. असला स्टिरिओफोनिक आवाज मुंबईकरांच्या नशिबात नव्हता.

'अर्थक्वेक' आम्ही पाहिला तो व्हिडिओच्या जमान्यात. रात्रभरासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर, टीव्हीचा तळहाताएवढा स्पीकर आणि अंगणात साठ-सत्तर माणसे. लॉस एंजेलिस कोसळले तेव्हा डबीत चणे हलवल्यासारखा आवाज आला. एवढा गाजलेला भूकंप, कुणी बूडही हलवले नाही. आम्ही फार हसलो.

हसण्याचे दिवस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे संपले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावेच्या गावे दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. इतक्या दूर हिंगोलीतही आम्हाला जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजाने. कडी आपोआप वाजत होती. मग फळीवरची भांडी किणकिणली आणि थांबली. एवढेच. पडद्यावर आम्ही याच्या शंभरपट आवाज ऐकला होता, म्हणून कुणी म्हणाले मांजर असेल, कुणी म्हणाले मालगाडी. उजाडल्यावर रेडिओने सांगितले. पुढे मोजदाद झाली ती जवळजवळ दहा हजार मृतांची.

मोहल्ल्याने आणि बाजारपेठेने मिळून ब्लँकेटे, भाकरी, औषधे गोळा केली. त्या ट्रकबरोबर आम्हीही गेलो. लातूर-उस्मानाबादकडची ती जुनी घरे म्हणजे जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचे थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्या रात्री भिंतीही आत पडल्या आणि माळवदही. ढिगाऱ्याजवळ बसलेल्या एका आजोबांना आमच्यातल्या एकाने विचारले, "बाबा, लई मोठा आवाज झाला असंल?" ते म्हणाले, "मोटार गेल्यावानी झालं बघ. मग नुसता धुरळा. वरडाया बी कुनाला येळ न्हवता." आम्ही कुणीच पुढे काही विचारले नाही. परतीच्या वाटेवर दादीचे वाक्य आम्हाला शब्दन्‌शब्द आठवले. ती तोवर हयात नव्हती.

किल्लारीला तो आवाज नवा नव्हता, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. १९९२ मध्ये त्या भागात धक्के बसले होते, जमिनीतून आवाज आले होते, लोक बाहेर झोपले होते. मग काही झाले नाही म्हणून परत आत गेले.

आता तोच आवाज आमच्या उंबऱ्यात आला आहे. २००६-०७ मध्ये शेजारच्या नांदेड शहराखालून गडगडाट ऐकू येत होता, बारीक धक्के बसत होते. पुढे आमच्या जिल्ह्यात वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे आणि औंढा, कळमनुरी तालुक्यांतली गावे हा आवाज ऐकू लागली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले, त्यातला पहिला ४.५ क्षमतेचा. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या आसपास पुन्हा ४.५ चा धक्का आला, त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ सांगितले गेले. मोठी हानी झाली नाही, हे नशीब.

जाणकार सांगतात की धक्का छोटा आणि उथळ असला की त्याची पहिली लाट जमिनीच्या पृष्ठभागाशी येऊन हवेलाच हलवते. खाली काळ्या पाषाणाचे थर आहेत, ते ढोलासारखा नाद वर पाठवतात. कधी धक्का जाणवत नाही, आवाज तेवढा येतो. गावातल्या माणसाला मात्र हा आवाज कुणाला पटवून देणे कठीण जाते. कुठल्यातरी कार्यालयात जाऊन "साहेब, जमीन गुरगुरती" म्हणावे, तर साहेब आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात. अमेरिकेत खोटी जमीन खरी वाटावी म्हणून केवढा खर्च केला गेला, आणि इथे खरी जमीन खरी वाटावी म्हणून माणसाला शपथा घ्याव्या लागतात.

पडद्यावरच्या आवाजाने आम्हाला खूप आनंद दिला, तो आम्ही नाकारणार नाही. पण त्याने एक खोड लावली. सिनेमात मोठ्या संकटाचा आवाज मोठाच असतो, वेळेवर येतो आणि हाच तो प्रसंग असे बजावून सांगतो. जमिनीला असला शिष्टाचार नाही. आजचा गडगडाट नुसताच गडगडाट आहे की उद्याची सूचना, हे तिच्या आवाजावरून कुणालाच कळत नाही. पहिल्या दिवशी लोक अंगणात झोपतात, आठव्या दिवशी परत घरात जातात आणि वर्षभराने "ते रोजचंच हाय" म्हणतात. ही सवय आवाजापेक्षा घातक आहे.

मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना आवाहन केले की घरांच्या पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. पेपरातली ती दोन ओळींची सूचना वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग फोन लावले. पांगरा शिंदेकडचे एक स्नेही म्हणाले, "दगड काढले तर वावटळीत पत्रे जात्यात, ठेवले तर जलजल्यात माणूस. तुम्हीच सांगा काय करावं." त्यांना सांगितले, पत्रा खाली वाश्यांना आकड्याच्या बोल्टांनी आवळून घ्या. पत्र्याला आकडे, मातीच्या भिंतीला पट्ट्या, झोपायच्या खोलीत डोक्यावर जड काही नको. हे काम खर्चाचे आहे, कंटाळवाणे आहे, त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

आता मोठ्या शहरांत खुर्च्या हलवणारी थिएटरे खरोखर आहेत. आमची नातवंडे तिथे जाऊन येतात, हसतात, तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणतात. त्यांनी जरूर हसावे. सुट्टीत गावी आली की आम्ही त्यांना शिडी धरायला सांगतो. या उन्हाळ्यात बहिणीच्या घराच्या पत्र्यावरून आम्ही सतरा दगड उतरवले. अजून शेजारच्या दोन घरांचे आणि गोठ्याचे राहिले आहेत.